आरओ घ्यावा का, आणि घेतला तर कसा चालवावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आरओचे प्रश्न सुरू होतात, आणि पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की पुन्हा तेच. खालची उत्तरं घरी ओट्याच्या वर टांगायच्या, पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ मशीनबद्दल आहेत. कुठल्या कंपनीचं घ्यावं हे इथं सापडणार नाही.

त्या डब्यात पाणी शुद्ध होतं म्हणजे नेमकं काय होतं?

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळात पातेल्यात पाणी सुटतं. फोडीतल्या पेशींची आवरणं पाण्याला वाट देतात, मिठाला सहजी देत नाहीत. म्हणून पाणी आतून बाहेर, खारट बाजूकडे ओढलं जातं. मनुका भिजत घातल्या की फुगतात, तिथं हेच उलट्या दिशेनं घडतं, कारण साखर आत आहे आणि साधं पाणी बाहेर. या ओढीला ऑस्मॉसिस म्हणतात, तिची पहिली नोंद १७४८ सालची. नोले या फ्रेंच शास्त्रज्ञानं मद्यार्काने भरलेल्या भांड्याचं तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या पडद्यानं बांधून ते पाण्यात बुडवलं, तर पडदा फुगून वर आला.

आरओ म्हणजे रिव्हर्स ऑस्मॉसिस, त्यात हा प्रवाह जबरदस्तीनं उलटा फिरवतात. पडद्याच्या (यालाच मेम्ब्रेन म्हणतात) खारट बाजूला त्या ओढीपेक्षा जास्त दाब दिला, की पाणी खारट बाजूकडून गोड्या बाजूला यायला लागतं आणि क्षार मागे राहतात. दाब किती लागेल हे पाणी किती खारट आहे त्यावर ठरतं. लिटरला १००० मिलिग्रॅम क्षार असतील तर त्यांची ओढ जेमतेम पाऊण बारची असते (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा दाब). समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५,००० मिलिग्रॅम क्षार असतात आणि त्यांची ओढ जाते २७ बारच्या आसपास. घरच्या मशीनमधला छोटा पंप साधारण ५ ते ७ बार दाब देतो. बोअरच्या पाण्याला तेवढा पुरतो, समुद्राच्या पाण्यापुढे मात्र त्याचं काही चालणार नाही.

मेम्ब्रेन म्हणजे बारीक भोकांची चाळणी का? जाहिरातीत ०.०००१ मायक्रॉन लिहिलेलं असतं.

तो आकडा एकदा तपासून बघा. ०.०००१ मायक्रॉन म्हणजे ०.१ नॅनोमीटर. पाण्याचा एक रेणू असतो साधारण ०.२८ नॅनोमीटरचा. म्हणजे जाहिरात खरी धरली तर त्या भोकातून पाणीसुद्धा जाणार नाही! तरीही हा आकडा वर्षानुवर्षं खोक्यांवर छापला जातोय.

खरी गोष्ट अशी, की मेम्ब्रेनचा कामाचा थर पॉलिअमाइड या प्लॅस्टिकचा असतो आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असते. त्याला आरपार, ठरावीक मापाची भोकं नसतात. पॉलिमरच्या साखळ्यांमध्ये रेणूच्या मापाच्या फटी असतात, त्यांतून पाणी वाट काढतं. सोडियम, कॅल्शियम, फ्लोराइड हे विद्युतभारित आयन पाण्याचे रेणू अंगाभोवती धरून असतात, त्यामुळे ते मोठे होतात. शिवाय पडद्यावरचा भारही त्यांना आडवतो. पाणी त्या थरात विरघळून पलीकडे झिरपतं की सूक्ष्म फटींतून वाहतं, यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद चालू आहे. तुमच्या पेल्यातल्या पाण्याला त्यानं काही फरक पडत नाही.

एक गोष्ट मात्र यातून निघते. मेम्ब्रेन विद्युतभार असलेल्या गोष्टी उत्तम अडवते, भार नसलेले छोटे रेणू तितके नीट अडवत नाही. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सरळ पलीकडे जातो, म्हणून आरओचं पाणी किंचित आम्लधर्मी लागतं. सडक्या अंड्याचा वास देणारा हायड्रोजन सल्फाइडही असाच निसटतो. वासाच्या पाण्यासाठी आरओ घेतलेल्यांची निराशा होते ती यामुळेच.

हे शोधलं कुणी?

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी. १९६० च्या सुमारास त्यांनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा असा पडदा बनवला, की ज्याचा वरचा थर अतिशय पातळ आणि घट्ट, खालचा भाग जाड पण सच्छिद्र. त्याआधीच्या पडद्यांतून इतकं थोडं पाणी यायचं, की प्रयोगशाळेबाहेर त्यांचा उपयोग नव्हता. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या कोअलिंगा गावात आरओचा पहिला सार्वजनिक प्रकल्प सुरू झाला. या गावाला एके काळी पिण्याचं पाणी रेल्वेनं आणावं लागे. २०१६ साली मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची रेल्वे आठवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आज वापरतो त्या पॉलिअमाइडच्या मेम्ब्रेन जॉन कॅडॉट यांच्या १९७० च्या दशकातल्या कामातून आल्या. भारतात भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेनं आणि तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं मेम्ब्रेनवर बरंच काम केलंय.

आमच्याकडे कॉर्पोरेशनचं पाणी येतं. आरओ घ्यावा का?

बहुतेक ठिकाणी नको.

मुंबईचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा या धरण-तलावांतून येतं, पुण्याचं खडकवासला साखळीतून. हे सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं पाणी. त्यात क्षार मुळातच कमी असतात, टीडीएस (लिटरभर पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मिलिग्रॅममध्ये) मोजायचं मीटर बुडवलं तर आकडा सहसा शंभराच्या आसपास किंवा त्याखालीच दिसतो. यातून आरओ काढणार काय? १०० चं २० करायला तुम्ही दोन-तीन पट पाणी मोरीत सोडणार.

अशा पाण्याला धोका असतो तो वाटेतला. गटाराशेजारून गेलेली फुटकी पाइपलाइन, वर्षानुवर्षं न धुतलेली गच्चीवरची टाकी, पावसाळ्यातला गढूळपणा. हे सगळे प्रश्न माती आणि जंतूंचे आहेत. त्यासाठी गाळणी, कार्बन आणि यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा) किंवा यूएफ (बारीक भोकांचा पडदा) एवढं बस. यूएफच्या पडद्याला खरोखरच भोकं असतात, साधारण ०.०१ मायक्रॉनची. जिवाणू त्यातून जात नाहीत, क्षार जातात, वीज लागत नाही आणि पाणी जवळपास वाया जात नाही. यूव्हीचा दिवा जंतू निकामी करतो, फक्त पाणी आधी नितळ हवं. गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणाआड लपतात.

मग आरओ लागतो कुणाला?

ज्यांच्या पाण्यात विरघळलेलं काहीतरी नको असलेलं आहे त्यांना. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहीर खोदली तर पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. तिथल्या माणसाला तुम्ही ‘आरओनं पाणी वाया जातं’ हे व्याख्यान देऊ नका. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणापासून ते पाणी प्यायलेल्यांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग आणि पुढे हाडांची दुखणी दिसतात. खतं आणि शौचखड्ड्यांच्या झिरप्यानं नायट्रेट वाढलेल्या विहिरी तर जागोजागी आहेत. याशिवाय शहरांच्या कडेच्या नव्या सोसायट्या, जिथं इमारत उभी राहिली पण पाइपलाइन पोचली नाही आणि सगळा भार बोअर नि टँकरवर.

दवाखान्यातलं डायलिसिस आरओशिवाय होऊच शकत नाही. चार तासांच्या एका बैठकीत रुग्णाचं रक्त पडद्याआडून १२० लिटरच्या आसपास पाण्याच्या संपर्कात येतं, तिथं साध्या नळाचं पाणी चालत नाही.

किती टीडीएसच्या वर आरओ घ्यावा?

पिण्याच्या पाण्यासाठीचं भारतीय मानक, आयएस १०५००, टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानतं. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. मे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं पर्यावरण मंत्रालयाला असे नियम करायला सांगितलं, की ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथं आरओला मनाई करावी आणि जिथं परवानगी असेल तिथं निदान ६० टक्के पाणी वापरण्याजोगं मिळालं पाहिजे.

व्यवहारात ५०० ही रेघ एका बाजूनं कामाची आहे, दुसऱ्या बाजूनं फसवी. टीडीएस ३०० असलेल्या पाण्यातही फ्लोराइड २ मिलिग्रॅम असू शकतं, जेव्हा मानक म्हणतं १, आणि नाइलाज असेल तर फार तर दीड. उलट ७०० टीडीएसचं पाणी नुसतंच जड असू शकतं, ज्यानं किटलीत थर बसेल पण माणसाला काही होणार नाही. म्हणून टीडीएस जास्त दिसला तर आणखी तपासणी करायची, आणि कमी दिसला पण पाणी बोअरचं असेल तरीही करायची.

टीडीएस मीटरनं पाणी चांगलं की वाईट कळत नाही का?

नाही. ते पेनासारखं मीटर क्षार मोजत नाही, पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतं आणि एका ठरावीक गुणकानं त्याचा टीडीएस काढतं. वीज वाहते ती आयनांमुळे. कावीळ किंवा जुलाब करणारे जंतू, कीटकनाशकं, डिझेल यांपैकी काहीही त्याला दिसत नाही. आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, हा मीटर एक मिलिग्रॅमचीही खात्री देत नाही. गटाराचं पाणी मिसळलेल्या नळाचा आकडा १५० आणि निर्मळ विहिरीचा ४५० असं सर्रास होऊ शकतं.

मीटर उपयोगी आहे तो मुख्यतः एका कामाला: मेम्ब्रेन चालतेय की गेली हे बघायला. त्याबद्दल खाली आहे.

मग पाणी तपासून कुठे मिळतं?

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि तालुका पातळीवर प्रयोगशाळा आहेत, खासगीही आहेत. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत एक-दोन लिटर पाणी लागतं. आधी बोअर किंवा नळ दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, त्याच पाण्यानं बाटली दोनदा विसळा आणि मग काठोकाठ भरा. जंतूंच्या तपासणीची बाटली मात्र प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक केलेली घ्यायची, विसळायची नाही, बर्फात ठेवायची आणि त्याच दिवशी पोचवायची. मागताना निदान टीडीएस, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह आणि कोलिफॉर्म (पाण्यात मैला मिसळल्याची खूण असलेले जंतू) एवढं मागा. उन्हाळ्याच्या शेवटी घेतलेला नमुना सगळ्यात खरा. पावसाळ्यात क्षार पातळ झालेले असतात, पण जंतूंसाठी तेव्हाच तपासायचं.

विक्रेत्यानं पाण्यात सळया घालून दाखवल्या. आमचं पाणी काळं-हिरवं झालं, आरओचं तसंच राहिलं. हे काय होतं?

जादूचा प्रयोग. त्या उपकरणात एक सळी लोखंडाची, दुसरी बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमची. वीज सोडली की लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा हिरवा, तपकिरी, काळपट गाळ होतो. ती घाण सळीतून आलेली असते. तुमच्या पाण्यात क्षार आहेत म्हणून वीज वाहिली. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत, वीज वाहिली नाही, सळी झिजली नाही.

पुढच्या वेळी तो आला की त्याच्या आरओच्या पेल्यात दोन चिमूट मीठ टाका आणि म्हणा, आता लाव. दोन मिनिटांत तोही पेला गंजाच्या रंगाचा होतो. कोकणातल्या झऱ्याच्या पाण्याचीही ही यंत्रणा अशीच बदनामी करेल. या एका प्रयोगावर किती मशीनं खपली असतील देव जाणे.

मशीनमध्ये पाणी कुठून कुठे जातं?

बाहेर भिंतीवर पारदर्शक भांड्यात पांढरी कँडल दिसते, ती माती आणि गंज अडवते. पांढरी होती ती तपकिरी झाली की बदलायची, त्यासाठी मेकॅनिकची वाट बघायची गरज नाही. त्यानंतर कार्बन. त्याचं खरं काम चव सुधारणं नाही. पॉलिअमाइडला क्लोरीन सहन होत नाही, पडदा हळूहळू चिरफाळतो. कार्बन क्लोरीन शोषून मेम्ब्रेन वाचवतो. म्हणूनच सोसायटीची टाकी धुऊन भरपूर टीसीएल (क्लोरीनची पावडर) टाकलं असेल, त्या दिवशी मशीन बंद ठेवा.

मग पंप, पंपानंतर मेम्ब्रेन. मेम्ब्रेनमधून दोन नळ्या निघतात, एक चांगल्या पाण्याची, दुसरी रिजेक्टची, म्हणजे मागे राहिलेले क्षार घेऊन बाहेर जाणाऱ्या पाण्याची. रिजेक्टच्या नळीवर बोटभर लांबीचा एक तुकडा असतो, त्याला मेकॅनिक एफआर म्हणतात. बाहेर जाणारं पाणी तो आवळून धरतो, म्हणून आत दाब तयार होतो. सगळ्या मशीनमधला सगळ्यात स्वस्त भाग हाच, आणि पाणी किती वाया जाणार हे ठरवणाराही हाच. चांगलं पाणी पुढे दुसऱ्या कार्बनमधून, काही ठिकाणी यूव्हीखालून जाऊन टाकीत पडतं.

टाकीबद्दल एक. आरओच्या पाण्यात क्लोरीन उरलेलं नसतं, त्यामुळे टाकीच्या कडांना बुळबुळीत थर धरू शकतो. टाकी मधूनमधून रिकामी करून धुवा. लोक हे विसरतात आणि हजारोंची मेम्ब्रेन बदलत बसतात.

इतकं पाणी वाया का जातं? एफआर आवळून ते कमी करता येईल का?

हिशेब करू. ६०० टीडीएसचं १०० लिटर पाणी घेतलं तर त्यात ६० ग्रॅम क्षार आहेत. त्यातून २५ लिटर पाणी ३० टीडीएसचं काढलं, तर त्यात गेले पाऊण ग्रॅम. उरलेले सव्वाएकोणसाठ ग्रॅम ७५ लिटरमध्ये राहिले, म्हणजे रिजेक्टचा टीडीएस झाला ७९०. आता हाव धरून ७५ लिटर चांगलं पाणी काढायचं ठरवलं. चांगल्या पाण्याचा टीडीएस ६० वर जाईल असं धरलं तरी राहिलेल्या २५ लिटरमध्ये साडेपंचावन्न ग्रॅम क्षार कोंबले गेले, म्हणजे २२२०. एवढ्या दाट पाण्यात कॅल्शियम आणि सिलिका विरघळून राहू शकत नाहीत. ते मेम्ब्रेनवरच बसतात.

रिजेक्ट पाणी हे मेम्ब्रेन धुणारं पाणी आहे. ते थांबवलं तर मेम्ब्रेन काही महिन्यांत दगड होते. जुन्या घरगुती मशीनमध्ये एका लिटरला तीन लिटर जाणं नेहमीचं. मऊ पाणी असेल तर हे प्रमाण बरंच सुधारता येतं. खारपाणपट्ट्यातल्या पाण्याला तसं करू नका. मोठ्या प्रकल्पांत थर बसू नये म्हणून औषध मिसळतात आणि पहिल्याचं रिजेक्ट दुसऱ्या मेम्ब्रेनला देतात, म्हणून त्यांना ७०-७५ टक्के परवडतं.

तुमच्याकडचं प्रमाण मोजायला दोन नळ्या दोन मापांत सोडा आणि मोबाइलवर पाच मिनिटं लावा. टाकी भरत असतानाच मोजायचं. टाकी भरल्यावरही रिजेक्टची धार चालू राहत असेल, तर एसव्ही म्हणजे पाणी तोडणारा व्हॉल्व्ह गेलाय आणि तुमचं पाणी रात्रंदिवस वाहतंय.

रिजेक्ट पाणी कुठे वापरू?

फरशी पुसायला, संडासात ओतायला, भांड्यांचं पहिलं खळबळायला, अंगण धुवायला. कपड्यांना वापरलं तर साबण फेसाळत नाही. कूलरमध्ये घालू नका, जाळ्यांवर पांढरा थर चढतो. कुंड्यांना द्यायचं तर आधी मीटर बुडवा. चार-पाचशे असेल तर हरकत नाही, दीड हजार असेल तर महिन्या-दोन महिन्यांत तुळस सांगेलच. आणि गच्चीवरच्या टाकीत परत सोडण्याची शक्कल लढवू नका, तेच क्षार फिरून येतात.

टीडीएस कंट्रोलर चालू ठेवावा का?

आधी तो काय करतो ते बघा. तो पाण्यात खनिजं ‘टाकत’ नाही. मेम्ब्रेनला बगल देऊन थोडं कच्चं पाणी चांगल्या पाण्यात मिसळतो, एवढंच. तुमच्या पाण्यात फक्त क्षारांची चव असेल तर चालेल. पण आरओ घेतला तो फ्लोराइड किंवा नायट्रेटसाठी असेल, तर कंट्रोलर उघडणं म्हणजे पुढच्या दारानं घालवलेलं मागच्या दारानं घरात घेणं. मिसळलेल्या त्या कच्च्या पाण्यातलं फ्लोराइड पुढच्या यूव्हीनं जात नाही. तिथं कंट्रोलर पूर्ण बंद ठेवा. नायट्रेट तर मेम्ब्रेनमधूनही इतर क्षारांपेक्षा जरा जास्त निसटतं.

बसवून देणारा माणूस बहुतेक वेळा न विचारता तो स्क्रू फिरवून ‘८० वर सेट केलंय’ सांगून जातो. त्याला विचारा, कशाचे ८०?

आरओच्या पाण्यातली खनिजं जातात, मग हाडं ठिसूळ होतात का?

खनिजं जातात हे खरं. पुढचं जरा मोजून बोलू. बऱ्यापैकी जड पाण्यात लिटरला ४० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. दिवसाला दोन लिटर प्यायलात तर ८० मिलिग्रॅम मिळालं. प्रौढ माणसाला लागतं १००० च्या घरात. एक पेला दूध त्या ८० च्या तिप्पट देतं, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं. भाकरी, भाजी, ताक नीट असेल तर पाण्यातल्या कॅल्शियमवाचून काही अडत नाही.

तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी क्षार पार काढलेल्या पाण्याबद्दल सावध केलंय, आणि त्यात तथ्य आहे. ज्यांचं जेवण मुळात तुटपुंजं, त्यांना तेवढा भागही मोलाचा. शिवाय असं पाणी स्वयंपाकाला वापरलं तर भाजीतली खनिजंही जास्त निघून येतात. १५ टीडीएसचं पाणी म्हणजे अधिक शुद्ध, अधिक चांगलं, ही समजूत मात्र सोडून द्या. चवीलाही ते पांचट लागतं.

उकळून प्यायलं तर आरओ नको ना?

जंतूंपुरतं खरं आहे. क्षार उकळून जात नाहीत, उलट पाणी आटतं तेवढे दाट होतात. जड पाण्यातला थोडा चुना तळाशी बसतो, फ्लोराइड आणि नायट्रेट जागच्या जागी.

बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. सॉफ्टनर घ्यावा की आरओ?

डाळ न शिजण्याचं कारण कॅल्शियम. दाण्याच्या पेशी ज्या पेक्टिननं एकमेकींना धरून असतात, त्याला कॅल्शियम घट्ट बांधतं, मग तीन शिट्ट्या जास्त काढल्या तरी तुरीची डाळ पाण्यात वेगळी आणि पाणी वेगळं. काही घरांत त्यासाठी सोडा टाकतात.

सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम देतो. टीडीएस होता तसाच राहतो. गीझर, नळ, केस आणि कपडे यांच्यासाठी तो छान आहे, पिण्यासाठी उपाय नाही, आणि रक्तदाब असलेल्यांनी ते पाणी पिऊ नये हे बरं. डाळीला आणि चहाला आरओचं पाणी वापरा, बाकी घराला सॉफ्टनर. दोन्ही परवडत असेल तर हीच योग्य वाटणी.

अल्कलाइन, तांब्याचं, हायड्रोजनचं पाणी देणारी कार्ट्रिज?

पैसे जास्त झाले असतील तर घ्या.

आरओपेक्षा जार मागवलेला बरा का?

जारमध्येही बहुधा आरओचंच पाणी असतं, फक्त मशीन तुम्हाला दिसत नाही. मेम्ब्रेन कधी बदलली, जार आतून कशानं धुतला, हे तुम्ही बघू शकत नाही. सीलबंद, आयएसआय शिक्का असलेलं पाणी आणि कोपऱ्यावरच्या शेडमधला थंड जार यांत फरक करा.

समुद्राचं पाणी असं गोडं करून मुंबईची टंचाई मिटेल का?

तंत्र जुनं आणि पक्कं आहे. चेन्नईजवळ मिंजूर आणि नेमेली इथं दिवसाला १० कोटी लिटरचे प्रकल्प चालतात. मुंबई महापालिकेनं मनोरीला त्याच्या दुप्पट क्षमतेचा प्रकल्प योजला आहे. अडचण विजेची. समुद्राच्या पाण्याला ५५ ते ७० बार दाब द्यावा लागतो आणि हजार लिटरमागे तीन-चार युनिट जळतात. धरणातलं पाणी मात्र बराचसा प्रवास उतारानं करतं. शिवाय उरलेलं दुप्पट खारं पाणी समुद्रात सोडायचं कुठे, हा किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा रास्त प्रश्न आहे.

थंडीत मशीन हळू का चालतं?

थंड पाणी घट्ट असतं, मेम्ब्रेनमधून कमी झिरपतं. एक अंश उतरला की साधारण तीन टक्के पाणी घटतं. खोक्यावरचे ७५ जीपीडी (दिवसाला ७५ गॅलन), म्हणजे तासाला १२ लिटर, हे २५ अंशांना मोजलेले असतात. डिसेंबरात नाशिक-निफाडकडे त्याच्या दोनतृतीयांश मिळालं तरी मशीन ठणठणीत आहे असं समजा.

मेम्ब्रेन कधी बदलायची? सर्व्हिसवाला दर वर्षी बदला म्हणतो.

वर्ष मोजू नका, आकडे मोजा. कंट्रोलर बंद करा, मशीन दहा मिनिटं चालू द्या, मग येणाऱ्या आणि टाकीत पडणाऱ्या पाण्याचा टीडीएस घ्या. ९०० चं ४५ होत असेल तर ९५ टक्के क्षार अडताहेत, मेम्ब्रेन उत्तम. ९०० चं १८० यायला लागलं की ८० टक्के, आता बदलायची वेळ जवळ आली. टीडीएस चांगला पण धार बारीक झाली असेल, तर आधी कँडल, कार्बन आणि पंप बघा, मेम्ब्रेनवर शेवटी या. आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवले की सर्व्हिसवाल्याशी वाद घालावा लागत नाही.

बदललेली मेम्ब्रेन त्याला परत देऊ नका, एकदा कापून बघा. वरची चिकटपट्टी सोडवली की गुंडाळी उलगडत जाते. मध्ये भोकं पाडलेली नळी, तिच्याभोवती तीन बाजूंनी चिकटवलेलं पाकिटासारखं पान, पानांमध्ये प्लॅस्टिकची जाळी. पसरली तर अर्ध्या चौरस मीटरच्या आसपास भरते. पाणी शिरतं त्या टोकाला तपकिरी चिखल दिसला तर कँडल वेळेवर बदलली गेली नाही. दुसऱ्या टोकाला, जिथं पाणी सगळ्यात दाट होतं, तिथं हात फिरवल्यावर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं तर क्षार बसलेत. त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर तो चुना आहे, म्हणजे तुमच्या पाण्याला एफआर फार आवळलेला होता आणि पुढच्या मेम्ब्रेनबरोबर जरा मोकळा एफआर मागायचा. मेम्ब्रेन कोरी करकरीत निघाली, तर दुसरा सर्व्हिसवाला शोधा.

आठ-दहा दिवस गावाला जायचंय. काय करावं?

नळाचा कॉक आणि स्विच बंद करा, टाकी रिकामी करा. परत आल्यावर पहिली भरलेली टाकी ओतून टाका. मशीन बंद असताना क्षार हळूहळू पडद्यापलीकडे उतरतात, म्हणून सुरुवातीच्या पाण्याचा टीडीएस जास्त येतो. अगदी रोज सकाळच्या पहिल्या पेल्यातही थोडा फरक दिसतो, त्यावरून मेम्ब्रेन गेली असं ठरवू नका. महिनाभराहून जास्त बंद राहिलं असेल तर कँडल आणि कार्बन दोन्ही नवीन घाला, कारण ओल्या कार्बनमध्ये एवढ्या काळात जंतू वाढलेले असतात. टाकीही साबणानं घासून दोनदा विसळून घ्या.